रूपसिंग आणि त्याचे सोबती

११ ऑगस्ट १९३२ रोजीं लॉस एंजेलिस येथें हिंदी हॉकी संघानें अमेरिकेवर २४ गोल चढविले. त्यांतले १० एकट्या रूपसिंगाचे, आणि हें त्याचें पहिलेंच ऑलिंपिक! परंतु ‘एकट्या’ हा शब्द मला खटकतो. या तरुणाच्या उजव्या हाताशीं, आघाडीच्या मध्यभागीं, त्याचा वडील बंधु ध्यानचंद खेळत होता. आणि चेंडू देण्यांत ध्यानचंदानें कधीं कृपणता केली नाहीं. त्या दिवशीं त्याचे स्वतःचे गोल ८. गोल टिपले जातात. दिलेला चेंडू कोण टिपतो?

खुद्द ध्यानचंदासहि सोबती लागलेच. १९३६ सालीं बर्लिनमध्यें सरावाचा सामना जर्मनीनें ४-१ असा जिंकला. उणीव होती ध्यानचंदाच्या उजवीकडे. तेव्हां हिंदुस्थानांतून दारा यांना विमानानें बोलावलें. ते उपांत्य सामन्यापूर्वीं पोहोंचले. अंतिम सामन्यांत त्याच जर्मनीचा ८-१ असा पराभव झाला.