अस्तराचे पडदे (घरगुती शिवण)

दर्शनी कापडाला मागून दुसरे, सहसा पांढरे किंवा मोतिया रंगाचे कापड जोडून शिवलेले खिडकीचे वा दाराचे पडदे. सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी कापडाचा रंग विटतो आणि धागा जीर्ण होतो. हा मारा अस्तर स्वतःवर घेते. पश्चिमेच्या खिडकीतला बिनअस्तराचा गडद सुती पडदा चुण्यांच्या उंचवट्यांवर आधी विटतो आणि उलगडला की त्यावर उभे फिकट पट्टे दिसतात. याशिवाय अस्तरामुळे उजेड व ऊन अडते, पातळ कापडालाही भारदस्त पडण मिळते आणि रस्त्यावरून सगळ्या खिडक्या एकसारख्या दिसतात.

कापड : दर्शनी बाजूस सुती, ताग-सुती मिश्र किंवा पॉलिएस्टर कापड चालते. अस्तर घट्ट विणीचे, पण दर्शनी कापडाहून हलके असावे. सुती कापड धुतल्यावर आटते आणि दोन कापडे सारखी आटत नाहीत. म्हणून बेतण्यापूर्वी दोन्ही भिजवून, वाळवून, इस्त्री करून घेणे आवश्यक. पूर्ण अंधार करणारे लेप दिलेले अस्तर मात्र भिजवू नये. त्याला टाचण्याही लावू नयेत, कारण प्रत्येक भोकातून उजेड येतो, चिमटे वापरावेत.

मोजमाप : माप खिडकीचे नव्हे, दांड्याचे घ्यावे. चुण्या भरघोस पडण्यासाठी तयार पडद्यांची एकूण रुंदी दांड्याच्या दीड ते अडीच पट धरतात. उदाहरणार्थ, दांडा १५० सेंमी., तयार उंची १६० सेंमी. आणि कापडाचा पन्हा १३७ सेंमी. असल्यास पूर्ण पन्ह्याचे दोन पडदे होतात. प्रत्येकी तयार रुंदी १२९ सेंमी., म्हणजे दोन्ही मिळून दांड्याच्या सुमारे पावणेदोन पट. खालची दुहेरी दुमड १६ सेंमी. व वरची पट्टी १० सेंमी. धरून प्रत्येक तुकडा १८६ सेंमी. लांब कापावा. आटण्याची सोय ठेवून ४ मीटर कापड घ्यावे. मोठ्या नक्षीचे कापड असल्यास लांबी नक्षीच्या पूर्ण पटीत वाढवावी. नक्षी दर ६४ सेंमी.ला फिरून येत असेल, तर तुकडा १९२ सेंमी.चा होतो. असे न केल्यास दोन पडद्यांवरची फुले एका रेषेत येत नाहीत.

अस्तर १२७ सेंमी. रुंद व १६५ सेंमी. लांब कापावे. रुंदीतल्या या १० सेंमी.च्या फरकामुळेच दर्शनी कापड कडेने मागे वळते आणि अस्तर समोरून डोकावत नाही.

शिवण : कापड उभ्या-आडव्या धाग्यात सरळ कापणे ही पहिली अट, तिरके कापलेले कापड कितीही नीट शिवले तरी वाकडेच लोंबते. काठ ताण धरत असल्यास त्याला ठिकठिकाणी छोटे काप द्यावेत. आधी दोन्ही कापडांच्या खालच्या दुमडी वेगवेगळ्या शिवाव्यात : दर्शनी कापडाची ८ सेंमी.ची दुहेरी, अस्तराची ४ सेंमी.ची दुहेरी. मग सुलट बाजू समोरासमोर ठेवून, अस्तराची खालची कड ३ सेंमी. वर घेऊन, दोन्ही बाजूंना दीड सेंमी. आत लांब टाक्याची टीप मारावी. पडदा सुलटवून दोन्ही कडांना अडीच सेंमी. दर्शनी कापड मागे येईल असे बसवावे व इस्त्री फिरवावी. वर बकरम ठेवून पट्टी अस्तरावर दुमडावी आणि शिवावी.

खाली दोन्ही कापडे मोकळीच ठेवतात. ती जोडल्यास, कमी-जास्त आटल्यावर किंवा ओघळल्यावर पडद्याला झोळ येतो. कोपऱ्यातला उरलेला भाग हाताने, समोर टाका दिसणार नाही असा हेम घालून पुरा करावा. आयलेट लावायचे असल्यास संख्या सम ठेवावी, म्हणजे दोन्ही कडा भिंतीकडे वळतात.

निगा : धुण्यापूर्वी हुक काढावेत आणि लेपाच्या अस्तरावर गरम इस्त्री थेट टेकवू नये. पावसाळ्यात ओलसर खिडकीशी सतत टेकलेल्या अस्तरावर बुरशीचे ठिपके पडतात, म्हणून पडदे अधूनमधून सरकवून हवा खेळू द्यावी. ऊन झेलणारे अस्तर दर्शनी कापडाआधी विरते, आणि ते अपेक्षितच आहे. लांब टाक्याची टीप सहज उसवते. नवे अस्तर त्याच मापाने बेतून जोडले की चांगला पडदा पुन्हा वापरात येतो.