‘स्टेट’, ‘इस्टेट’ आणि काठीचे संस्थान

पर्यायशब्द एकमेकांच्या जागी निरपवादपणे वापरता येत नाहीत, हे अर्थविचारातील जुनेच विधान. त्याची राजकीय बाजू मात्र क्वचित तपासली जाते. इंग्रजीतील ‘स्टेट’ला मराठीत अवस्था, राज्य, शासनसंस्था, संस्थान असे अनेक प्रतिशब्द आहेत. ‘इस्टेट’ला मालमत्ता, जमीनजुमला, जहागीर. दोन्ही इंग्रजी शब्द लॅटिन ‘स्टेटस’पासून आलेले, ‘स्था’ धातूमुळे ‘संस्थान’ही त्याच कुळातले. व्युत्पत्तीने जोडलेले हे शब्द वसाहतीच्या दप्तराने तोडले. ‘स्टेट’च्या वाट्याला नाममात्र का होईना, राज्यसत्ता आली, ‘इस्टेट’च्या वाट्याला केवळ मालकी.

सातपुड्यातील काठी (आजचा अक्कलकुवा तालुका, जिल्हा नंदुरबार) या सीमारेषेवर उभे आहे. खानदेशातील सहा मेवासी घराण्यांपैकी एकाचे हे ठाणे. मराठी व्यवहारात औंध-सांगलीप्रमाणे तेही ‘संस्थान’च. परंतु 1874 च्या अनुसूचित जिल्हा अधिनियमाने ‘स्टेट’ व ‘इस्टेट’ दोन्ही टाळून ‘मेवासी प्रमुखांच्या मालकीची गावे’ अशी नोंद केली आणि यादीच्या आरंभी काठीच्या पाडवींना ठेवले. शब्द टाळला, अर्थ मात्र ठरवून टाकला: गावे ब्रिटिश मुलखातली, प्रमुख त्यांचा धनी. विशेष म्हणजे 1950 च्या अनुसूचित क्षेत्र आदेशातही हीच शब्दयोजना पश्चिम खानदेश जिल्ह्याखाली पुन्हा अवतरते. औंध-सांगलीचे 1948 मध्ये ‘विलीनीकरण’ झाले, म्हणजे त्यांचे राज्यत्व संपताना तरी मान्य झाले. मेवासींसाठी 1961 चा विनियम आला. त्याच्या शीर्षकात ‘इस्टेट’ आणि ‘मालकी हक्क’ हेच शब्द आहेत.

मग ‘काठी संस्थान’ हा मराठी प्रयोग चूक ठरतो काय? तसे म्हणणे उतावीळपणाचे होईल. ‘संस्थान’ शिर्डीसारख्या देवस्थानालाही लागते. भूमीची मालकी वा सार्वभौमत्व यांपेक्षा अधिष्ठानाची प्रतिष्ठा हा अर्थ त्यात प्रबळ आहे. काठीच्या ‘राजवाडी होळी’ला पाड्यापाड्यांतून लोक आजही जमतात, ते याच अधिष्ठानापाशी. तथापि ‘संस्थान’ हा शब्दही संस्कृतोद्भव, दरबारी मराठीतला. भिली बोलणाऱ्या डोंगराळ गावांवर तो बाहेरूनच आलेला. इंग्रजी दप्तराने या सत्तेचे अवमूल्यन केले, तर मराठीने तिला आपल्या परिचित राजेशाहीच्या साच्यात बसविले. त्या सत्तेला पाड्यांवरच्या बोलीत काय म्हणत, हे अधिनियम किंवा आदेश यांपैकी कोणीही विचारलेले नाही.