बुडत्याला घड्याळाचा आधार

आमच्या मामाचं घड्याळ बादलीत राहायचं, असं सांगितलं तर कुणाला खरं वाटणार नाही. पण घरात मुंज असो, बारसं असो, नाहीतर नुसता शेजारी साखर मागायला आलेला असो. मामा मोरीतली बादली काठोकाठ भरून मागवायचा, मनगटावरचं घड्याळ काढायचा आणि सर्वांदेखत पाण्यात सोडायचा. आम्ही पोरं भोवती उकिडवी बसायचो. दोन मिनिटांनी मामा ते बाहेर काढून, पंचाला पुसून सगळ्यांच्या कानाला लावायचा आणि म्हणायचा, "बघा. चालू!" शेजारी साखर विसरून घरी जायचा.

मामा मालवाहू बोटीवर इंजिनिअर होता. ते स्विस घड्याळ त्यानं १९७१ साली बोटीवरच्याच एका सहकाऱ्याकडून घेतलं होतं. म्हणजे आमच्या घरात आलं तेव्हाच ते दुसरेपणाचं होतं. कंपनीचं नाव सांगत नाही. मामीला अजून त्याची आजची किंमत माहीत नाही. तबकडीवर '२०० मीटर - ६६० फूट' असं छापलेलं आहे. बादलीची खोली एक फूट. उरलेले सहाशे एकोणसाठ फूट मामानं शेवटपर्यंत शिलकीत ठेवले.

मामा गेला. वर्षश्राद्ध झाल्यावर मामीनं घड्याळ माझ्या हातात ठेवलं. म्हणाली, "नान्या, तू सकाळी टँकवर पोहायला जातोस ना? हे घालून जात जा. एकदा तरी पोहू दे त्याला."

मी पोहायला जातो हे खरं. मला पोहता येतं, हे मात्र अजून सिद्ध व्हायचंय. निवृत्तीनंतर डॉक्टरांनी सांगितलं म्हणून मी रोज पाण्यात उतरतो, आणि तिथे जो हातपाय मारण्याचा प्रकार करतो, त्याला आमचे तरुण शिक्षक 'प्रगती' असं म्हणतात. तरीही मामीचा शब्द. दुसऱ्या दिवशी मी घड्याळ घालून निघालो. वाटेत आमच्या गल्लीतल्या घड्याळजींना ते अभिमानानं दाखवलं आणि तिथेच थांबावं लागलं.

"हे घालून पाण्यात?" त्यांनी डोळ्याचं भिंग काढून माझ्याकडे पाहिलं. "काका, शेवटचे वायसर कधी बदललेत?"

"वायसर? अहो, सहाशे साठ फूट लिहिलंय त्यावर!"

"ते लिहिलं तेव्हा खरं होतं. तुमच्या लग्नाच्या फोटोखाली तुमचं वय लिहिलंय, तसं."

मी घरी परतलो. पाण्यात न उतरताच माझी हवा गेली होती. मग बसून इतिहास वाचला. अपमान झाला की माणसं अध्यात्माकडे तरी वळतात, नाहीतर इतिहासाकडे. अध्यात्माची पुस्तकं सौ.च्या ताब्यात असल्यानं माझी निवड आपोआप झाली.

घड्याळात पाणी शिरायच्या वाटा मुख्यतः तीन. काच, मागचं झाकण आणि चावी. पहिल्या दोन भिंती म्हटल्या, तर चावी म्हणजे दार. आणि जुन्या घड्याळाला चावी रोज द्यावी लागे, म्हणजे दार रोज उघडायचं. मूळ जर्मनीतल्या हान्स विल्सडॉर्फ नावाच्या गृहस्थांनी १९०५ साली लंडनमध्ये घड्याळांचा धंदा थाटला. पुढे त्याचीच रोलेक्स झाली. त्यांनी १९२६ साली या तिन्ही वाटांना आटे पाडले. काचेचं कडं आट्यांचं, झाकण आट्यांचं आणि चावीही बाटलीच्या बुचासारखी फिरवून बंद करायची. नाव ठेवलं 'ऑयस्टर'. म्हणजे आपलं कालव. कोकणातल्या ज्या माणसानं कोयतीनं कालव उघडायची खटपट केली असेल, त्याला हे नाव का ठेवलं ते विचारावं लागणार नाही.

पण लोकांचा विश्वास बसेना. विल्सडॉर्फ साहेबांनी मग दुकानांच्या काचेत माशांची भांडी मांडून त्यांत घड्याळं सोडायला लावली. वर मासे, खाली टिकटिक. हे वाचून मी पुस्तक मिटलं. मामाची बादली ही किती थोर परंपरेतली होती, हे त्या शेजाऱ्याला कळलं असतं तर तो साखर देऊन गेला असता!

नंतरची गोष्ट मर्सिडीस ग्लाइट्झ या मुलीची. लंडनमध्ये टायपिस्टचं काम करायची. ७ ऑक्टोबर १९२७ रोजी ती इंग्लिश खाडी पोहून गेली. असं करणारी पहिली ब्रिटिश स्त्री. पण चारच दिवसांनी दुसऱ्या एका बाईंनी आपणही खाडी पोहल्याचं जाहीर केलं आणि मग ती थाप असल्याचं स्वतःच कबूल केलं. झालं! एकीनं थाप मारली म्हणून संशय दोघींवर. बिचारी मर्सिडीस २१ ऑक्टोबरला पुन्हा त्या गारठलेल्या पाण्यात उतरली. या खेपेला विल्सडॉर्फ साहेबांनी दिलेलं 'ऑयस्टर' तिच्या गळ्यात होतं. दहा तासांहून जास्त वेळ ती झुंजली. थंडीनं शुद्ध हरपायची वेळ आली, तेव्हा तिला होडीत ओढून घ्यावं लागलं. पलीकडचा किनारा राहिला. घड्याळ मात्र चालू होतं.

२४ नोव्हेंबर १९२७ च्या 'डेली मेल'चं अख्खं पहिलं पान या घड्याळाच्या जाहिरातीनं भरलं. पोहली बाई, पास झालं घड्याळ. मर्सिडीस पुढच्याच वर्षी जिब्राल्टरची सामुद्रधुनी पोहून गेली, आणि तिथवर पोहणारी ती जगातली पहिलीच माणूस. तरी आज तिचं नाव निघतं ते बहुतेक घड्याळाच्या गोष्टीत.

१९३१ साली त्याच कंपनीनं मनगटाच्या हालचालीवर आपोआप चावी भरणारं घड्याळ काढलं. आता दार रोज उघडायचं कारण उरलं नाही. पण माणूस तो माणूसच. तारीख-वेळ लावायला चावी उघडतो आणि बंद करायला विसरतो. पाण्यात गेलेल्या किती घड्याळांना समुद्रानं नव्हे, मालकानंच बुडवलं असेल!

तरीही ही घड्याळं पाणी सोसणारी होती, पाणबुड्याची नव्हती. ब्लाँपाँ कंपनीचे प्रमुख जाँ-जाक फिएश्टर स्वतः हौशी पाणबुडे. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याला एकदा खाली गेले, भान विसरले आणि नळकांड्यातली हवा संपली. वाचले थोडक्यात. वर आल्यावर आपल्यासारखा माणूस नारळ वाढवतो. ह्या गृहस्थांनी घड्याळ काढलं. फ्रेंच नौदलाच्या पाणबुड्या तुकडीसाठी रोबेर मालुबिए आणि क्लोद रिफो हे दोन अधिकारी असंच घड्याळ शोधत होते. १९५३ साली ते आलं. नाव 'फिफ्टी फॅदम्स'. म्हणजे कोळ्यांच्या भाषेत पन्नास वाव. सुमारे ९१ मीटर. त्याच्या काचेभोवती फिरतं कडं होतं. बुडी मारताना कड्यावरची खूण मिनिटकाट्यासमोर आणून ठेवायची, म्हणजे किती वेळ गेला ते एका नजरेत कळतं. पुढे बहुतेक कंपन्यांनी हे कडं एकाच दिशेला फिरेल असं केलं. चुकून धक्का लागला तर गेलेला वेळ जास्त दिसेल, कमी कधीच नाही. माणूस लवकर वर येईल, पण येईल. यंत्रात इतकी माया मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

मग चढाओढ लागली. २३ जानेवारी १९६० रोजी जाक पिकार आणि डॉन वॉल्श हे दोघे 'त्रिएस्त' नावाच्या पाणबुडीतून पॅसिफिकच्या तळाशी, जवळजवळ अकरा किलोमीटर खाली गेले. बाहेरच्या बाजूला एक खास रोलेक्स बांधलं होतं. माणसं आत, घड्याळ बाहेर. दोन्ही सुखरूप वर आली. घड्याळ टिकटिकत होतं हे आता सांगायला नकोच.

एवढा इतिहास झाल्यावर मी पुन्हा घड्याळजींकडे गेलो आणि म्हणालो, "अकरा किलोमीटर!"

"ते नवं होतं," ते शांतपणे म्हणाले. "तुमचं पन्नास वर्षांपूर्वीच जुनं झालेलं होतं. काका, पाणी अडवतं ते लोखंड नव्हे, आटे नव्हेत, आतला रबराचा वायसर. आणि रबर न वापरताही म्हातारं होतं. आकडा कंपनीचा, हिंमत वायसराची."

म्हणूनच आता मानकांमध्ये 'वॉटरप्रूफ' हा शब्द टाळतात, 'वॉटर रेझिस्टंट' म्हणतात. जलाभेद्य नव्हे, पाण्याला विरोध करणारं. विरोध करणाऱ्याचं वय झालं की विरोध मावळतो, हे कुठल्याही संसारी गृहस्थाला पटावं. पाणबुड्याच्या घड्याळासाठी वेगळं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात प्रत्येक घड्याळ लिहिलेल्या खोलीच्या सव्वापट दाबाखाली तपासतात. आणि एक साधी परीक्षा असते, ती घड्याळजींनी माझ्यासमोर केली. घड्याळ तव्यासारखं नव्हे, अंगावरच्या तापाइतकं, चाळीसेक अंशांवर गरम केलं. काचेवर गार पाण्याचा एक थेंब ठेवला. मिनिटभरानं पुसला. काचेच्या आतून धुक्याचा एक पुसट ठिपका आला.

"आत दमट आहे," ते म्हणाले. "असंच टँकमध्ये गेला असतात तर संध्याकाळपर्यंत काटे गंजायला लागले असते."

मला एकदम मोरीतली ती बादली आठवली. मामाचा विश्वास किती पातळ वायसरावर उभा होता!

मुलगा म्हणाला, "बाबा, विकून टाका. नुसतं ठेवा तरी. त्याला पाण्यात नेणं वेडेपणा आहे." घड्याळजींनी मधला मार्ग सांगितला. वायसर बदलायचे, यंत्र साफ करायचं. पण तबकडी, काटे, कडं मूळचं ठेवायचं आणि पॉलिश मुळीच करायचं नाही. पॉलिशनं धातू झिजतो, कडा गोल होतात आणि किंमत उतरते. मग हवेच्या दाबाच्या यंत्रात तपासायचं, पाण्यात नव्हे. नापास झालं तरी आत निदान पाणी जात नाही. त्यांनी हे सगळं केलं. "टँकपुरतं पास," म्हणाले. "उड्या नकोत. गरम पाण्याची आंघोळ, साबण, वाफ नको. पाण्यात चावीला हात लावायचा नाही. दर वर्षी तपासून घ्यायचं. आणि सहाशे साठ फूट विसरायचे."

आमचा टँक साडेपाच फूट. विसरलो.

त्या सकाळी मामी स्वतः आली. बाकावर पदर सावरून बसली. मी चावी तीनदा तपासली आणि उतरलो. अर्धा टँक झाला असेल, माझं सगळं लक्ष मनगटाकडे. काच स्वच्छ. काटा फिरतोय. तेवढ्यात पायात गोळा आला. पुढचं मला नीट आठवत नाही. शिक्षकांनी काखेत धरून काठावर आणलं. खोकताखोकता वर पाहिलं तर मामी वाकून उभी.

"घड्याळ चालू आहे का रे?"

मर्सिडीस बाईंना होडीत काय वाटलं असेल, ते मला त्या क्षणी कळलं. मी हात वर केला. मामीनं ते कानाला लावलं आणि तशीच थोडा वेळ उभी राहिली.

मग म्हणाली, "नान्या, यांना पोहायला येत नव्हतं. तीस वर्षं बोटीवर काढली, पण समुद्राची भीती वाटायची. कुणाला सांगायचे नाहीत. म्हणून ती बादली."

मी काही बोललो नाही. तोंडात अजून टँकचं पाणी होतं.

आता रोज मी टँकच्या उथळ बाजूनं पोहतो. काठ हाताशी ठेवतो, शिक्षक नजरेसमोर. घरी आल्यावर घड्याळ साध्या पाण्यात धुवावं लागतं. क्लोरीन असो की समुद्राचं मीठ, ते अंगावर राहू द्यायचं नाही, असा घड्याळजींचा हुकूम आहे. मी मोरीत बादली भरतो आणि ते दोन मिनिटं आत सोडतो. नातू भोवती उकिडवा बसतो.

"बघ," मी सांगतो. "चालू!"