काउंटर-स्ट्राइक १.६ : नव्या आवृत्तीनंतरही टिकलेला खेळ

‘काउंटर-स्ट्राइक’ या सांघिक संगणकीय खेळाची १.६ ही आवृत्ती २००३ मध्ये आली आणि पुढच्याच वर्षी ‘सोर्स’ ही नवी आवृत्ती दाखल झाली. २००५ च्या ‘वर्ल्ड सायबर गेम्स’ने ‘सोर्स’ स्वीकारली. मात्र २००६ मध्ये स्पर्धा पुन्हा १.६ कडे वळली व २०११ पर्यंत तीच खेळवली गेली.

मुंबई-पुण्याच्या सायबर कॅफेंतही १.६ रुळली होती. साध्या संगणकावर ती चालत असे. शिवाय कॅफेतीलच एका संगणकाला सर्व्हर करून इंटरनेटविना सामना भरवता येई. त्यामुळे जुना खेळ चालू ठेवणे खेळाडूंच्याच हाती राहिले. याउलट, २०२३ मध्ये ‘काउंटर-स्ट्राइक २’ने ‘ग्लोबल ऑफेन्सिव्ह’ची जागा घेताच कंपनीच्या सर्व्हरवरील त्या आवृत्तीचे सामने थांबले.