इंजिनाचा उच्छ्वास

मेणबत्तीच्या ज्योतीच्या किंचित वर थंड स्टीलचे भांडे क्षणभर धरले, तर त्यावर बारीक दव धरते. ज्वलनातून पाणी तयार होते हे दाखवणारा हा प्रयोग आपण वर्गात नेहमी करतो. पेट्रोल जळताना हे पाणी किती होते, याचा हिशोबही मुलांकडून करून घेण्यासारखा आहे. पेट्रोलऐवजी सोयीसाठी ऑक्टेन घेऊ. त्याचा एक रेणू जळला की पाण्याचे नऊ रेणू मिळतात, म्हणजे ११४ ग्रॅम ऑक्टेनमागे १६२ ग्रॅम पाणी. एक लिटर पेट्रोलचे वजन साधारण ७४० ग्रॅम भरते. त्रैराशिक मांडले की उत्तर येते : एक लिटर पेट्रोल जाळले की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते!

यातले बहुतेक पाणी वाफेच्या रूपात सायलेन्सरमधून निघून जाते. थोडे मात्र चोरवाटेने इंजिनाच्या पोटात शिरते, आणि आपली गोष्ट या थोड्या पाण्याचीच आहे.

सिलिंडरमध्ये पिस्टन वरखाली होतो. त्याच्याभोवती धातूच्या कड्या बसवलेल्या असतात, पण त्या कितीही चांगल्या बसवल्या तरी फट शंभर टक्के बंद होत नाही. दाब वाढला की थोडा वायू कड्यांच्या बाजूने खाली, क्रँककेसमध्ये निसटतो. क्रँककेस म्हणजे इंजिनाचा तळचा बंदिस्त भाग. तिथे दांडा फिरतो आणि वंगणाचे तेल साठलेले असते. निसटलेल्या वायूला बाहेर जायला वाट ठेवली नाही तर दाब साठतो आणि तेल सिलांमधून बाहेर पडू लागते. वाट ठेवली पण हवा खेळती राहिली नाही, तर वाफ थंड भिंतींवर जमते. तेल, पाणी, न जळलेले पेट्रोल आणि काजळी यांचा मिळून चिखल होतो, आणि तो तेलाच्या बारीक वाटा बुजवतो. ज्वलनातून निघालेल्या वायूंतली वाफ साधारण ५० अंशांखाली दवात उतरू लागते. म्हणून थंडीत, गाडी पुरती तापायच्या आतच बंद करणाऱ्या माणसाच्या इंजिनात हा चिखल सर्वांत जास्त होतो.

१९२० च्या दशकापासून मोटारींना यावर एक साधा उपाय असे. क्रँककेसमधून एक नळी खाली रस्त्याच्या दिशेने काढायची. गाडी धावू लागली की नळीच्या तोंडापाशी हवेचा दाब थोडा घटतो आणि आतला वायू ओढला जातो. हलणारा भाग एकही नाही, खर्च जवळजवळ शून्य. युक्ती सुरेखच, पण हे सगळे गाडी वेगात असेल तरच चालते. घरोघर माल पोचवत पावलोपावली थांबणाऱ्या गाडीत नळी नुसती लोंबत राहते. नदीनाल्यातून जाणाऱ्या रणगाड्याची अडचण आणखी वेगळी होती, कारण नळीचे तोंडच पाण्याखाली गेले तर इंजिनात पाणी शिरणार. दुसऱ्या महायुद्धात म्हणून रणगाड्यांसाठी दुसरी वाट शोधली गेली. वायू बाहेर न सोडता इंजिन जिथून हवा आत ओढते तिथेच तो पुन्हा सोडायचा, म्हणजे सिलिंडरमध्ये जाऊन तो जळून जाईल. युद्ध संपल्यावर मोटारी पुन्हा रस्त्याकडे तोंड केलेली जुनी नळी घेऊनच बाहेर पडत राहिल्या.

याच काळात लॉस एंजेलिस शहरावर एक विचित्र धुरके पसरू लागले होते. १९४३ च्या जुलैमध्ये ते इतके दाट झाले की लोकांचे डोळे चुरचुरू लागले. संशय आधी कारखान्यांवर गेला. मूळचे डच असलेले रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मिट कॅलिफोर्नियातील कॅलटेक या संस्थेत अननसाच्या स्वादद्रव्यांवर काम करत होते. ते या प्रश्नाकडे वळले आणि १९५० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी कोडे सोडवले : न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर ऊन पडले की ओझोन आणि इतर झोंबणारी द्रव्ये तयार होतात. हायड्रोकार्बनचा मोठा पुरवठा मोटारींकडून होत होता. लॉस एंजेलिस परगण्याचे लोकप्रतिनिधी केनेथ हान यांनी १९५३ मध्ये मोटार कंपन्यांना पत्रे लिहून विचारले, की तुम्ही यावर काय संशोधन करता? फोर्ड कंपनीकडून उत्तर आले, त्याचा आशय असा होता की हे वायू हवेत लवकर विरून जातात, त्यांच्यापासून प्रदूषणाचा प्रश्न उद्भवत नाही.

तरीही बराच काळ सर्वांचे लक्ष सायलेन्सरवरच होते. क्रँककेसच्या नळीतून येतो तो जळून झालेलाच वायू असणार, अशी समजूत होती. १९५० च्या दशकाच्या अखेरीस तपासणी झाली तेव्हा ती चुकीची ठरली. कड्यांजवळच्या फटींत मुख्यतः न पेटलेले मिश्रण असते, त्यामुळे निसटतो त्यातला बहुतेक भाग कोरे पेट्रोल आणि हवा यांचाच असतो. गाडीतून बाहेर पडणाऱ्या हायड्रोकार्बनांपैकी सुमारे पाचवा हिस्सा या दुर्लक्षित नळीतून येत होता. आणि त्यावरचा इलाज काही डॉलरांचा होता, रणगाड्यांत वापरूनही झालेला होता.

हा इलाज म्हणजे एक लहान झडप. नुसते भोक का चालत नाही, हे वर्गात विचारावे असे आहे. इंजिन संथ चालत असताना हवा घेण्याच्या नळीत दाब फार कमी असतो. भोक असते तर तिथून भरमसाट हवा शिरून इंजिन बंद पडले असते. म्हणून झडपेत स्प्रिंगवर एक दट्ट्या असतो. ओढ जास्त असेल तेव्हा तो पुढे सरकून वाट अरुंद करतो. भार वाढला की ओढ कमी होते, स्प्रिंग त्याला मागे ढकलते आणि वाट रुंदावते. निसटणारा वायूही नेमका भार वाढल्यावरच जास्त असतो.

कॅलिफोर्नियात विकायच्या १९६१ च्या मॉडेलपासून कंपन्यांनी ही झडप बसवली. उर्वरित अमेरिकेत ती १९६३ च्या मॉडेलपासून आली. मधल्या काळाबद्दल अमेरिकन सरकारने जानेवारी १९६९ मध्ये मोटार कंपन्यांवर आणि त्यांच्या संघटनेवर खटला भरला. प्रदूषण रोखणारी साधने कोणी एकट्याने आधी बाजारात आणू नयेत असे त्यांनी आपसांत ठरवले, असा आरोप होता, आणि ही झडप देशभर लावायला मुद्दाम उशीर केला हाही त्यातलाच एक मुद्दा होता. खटला त्याच वर्षी तडजोडीने मिटला. कंपन्यांनी दोष कबूल केला नाही. क्रँककेसमधून बाहेर काहीच सोडायचे नाही, हा नियम १९६८ च्या मॉडेलपासून देशभर लागू झालाच होता.

शहराच्या हवेच्या दृष्टीने हे उत्तम झाले, पण वाफेची वाट आता बंदिस्त झाली. उणे वीस-तीस अंशांत हवा घेण्याची नळी बर्फासारखी गार असते आणि क्रँककेसमधून येणारा वायू ओला व कोमट. दोघांची गाठ पडते तिथेच पाणी गोठते. झडप किंवा नळी बर्फाने बंद झाली की दाब साठतो. मग तेल मोजायची पट्टी वर उचलली जाते, सील फुटतात, आणि माणूस कडाक्याच्या थंडीत रस्त्यात अडकतो.

म्हणून थंड देशांत हे भाग बदलताना नुसती झडप बदलून भागत नाही. बीएमडब्ल्यूच्या एम ५४ या इंजिनाचे उदाहरण मेकॅनिक मंडळींत प्रसिद्ध आहे. हे इंजिन २००० ते २००६ या काळात बनत होते. त्यात वायूतले तेल वेगळे करणारा एक भाग आहे आणि वेगळे झालेले तेल पट्टीच्या नळीतून खाली परतते. ही परतवाट अरुंद आहे. ती चिखलाने किंवा बर्फाने तुंबली की तेल परत जायच्याऐवजी सिलिंडरांकडे ओढले जाते. खूप तेल एकदम गेले तर ते पिस्टनखाली दबत नाही, आणि इंजिन मोडते. कंपनीने अशा हवामानासाठी फोमचे वेष्टण असलेले भाग काढले. ते बसवणारा जाणकार मेकॅनिक चारही नळ्या एकत्र बदलतो आणि पट्टीची नळी साफ करतो किंवा तीही बदलतो. नवी झडप जुन्या तुंबलेल्या वाटेला जोडली तर पुढच्या हिवाळ्यात काम पुन्हा निघते. इतर काही कंपन्यांनी या नळीला विजेवर तापणारा लहानसा हीटर जोडला.

पुण्यामुंबईत नळी गोठायची भीती नाही. पण घर ते शाळा असा दोन किलोमीटरचाच प्रवास करणाऱ्या गाडीचे तेल भरायचे झाकण पावसाळ्यात उघडून पाहा. आतल्या बाजूला कधीकधी दुधाळ पिवळट साय दिसते. इतर पाणी गळत नसेल तर ती बहुधा याच वाफेची असते, आणि गाडी अर्धा तास सलग चालवली की बरीचशी उडून जाते. अर्थात वायूची वाट मोकळी असली तर.