डिजिटल हक्क व्यवस्थापन (डीआरएम)
इंटरनेटवरून दाखवल्या जाणाऱ्या चित्रपटांची अनधिकृत नक्कल रोखणारी तंत्रव्यवस्था. चैतन्य ताम्हाणे यांचा मराठी चित्रपट ‘द डिसायपल’ एप्रिल २०२१ मध्ये नेटफ्लिक्सवर आला, तो याच संरक्षणासह. चित्रफीत सर्व्हरवर कूटबद्ध असते. ती उलगडणारी किल्ली परवाना-सर्व्हरकडे वेगळी. चित्रपट सुरू करताच उपकरणातील वाइडवाइन, प्लेरेडी किंवा फेअरप्ले ही प्रणाली परवाना मागते. उलगडा शक्यतो प्रोसेसरच्या सुरक्षित भागात होतो. तशी सोय नसलेल्या फोनवर वर्गणी भरूनही बहुधा एचडी चित्र मिळत नाही; प्रामाणिक प्रेक्षकावरचा हा अन्यायच. पडद्याचे कॅमेऱ्याने केलेले चित्रण मात्र याने थांबत नाही. भारतात २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात आलेले कलम ६५-ए हक्कभंगाच्या हेतूने असे संरक्षण मोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड सांगते.