पोचे काढणाऱ्यांचा इतिहास

उत्तरेतील लग्नांच्या वरातींत वाजणाऱ्या पितळी वाद्यांचे एक मोठे माहेरघर म्हणजे मेरठची जली कोठी. लष्करी छावणीच्या या शहरात १८८५ साली नादिर अली आणि कंपनी स्थापन झाली. १९११च्या सुमारास वाद्ये तेथेच घडू लागली. वाद्य म्हटले की पोचे आलेच. कारागीर नळीत पोलादी गोळा सरकवून बाहेरून हलकेच ठोकतो; ठोकून कठीण झालेले पितळ तापवून मऊ करतो. ओरखडा मात्र जपूनच घासतो, कारण घासावे तितका पत्रा झिजतो. पुण्याच्या तांबट आळीतील मठारकाम पाहिलेल्यांना ही विद्या परकी वाटणार नाही. वाद्यावर कारखान्याचे नाव कोरलेले असते. ते पिढ्यान्‌पिढ्या वाजते ठेवणाऱ्याचे नसते. इतिहासाने त्याचीही नोंद ठेवावी.